हेडफोन की उशाशी स्पीकर? उपचाराच्या टेबलावरील संगीताचा तुलनात्मक आढावा

शस्त्रक्रियेच्या किंवा एखाद्या वेदनादायी उपचाराच्या वेळी संगीत ऐकल्याने उपयोग होतो का, हा प्रश्न आता फारसा वादाचा राहिलेला नाही. शस्त्रक्रियेपूर्वीच्या चिंतेवर कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने 2013 मध्ये घेतलेल्या आढाव्यात 26 चाचण्या आणि 2,051 रुग्ण होते, तर ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 2015 साली आलेल्या आढाव्यात 72 चाचण्यांमधील सुमारे 7,000 रुग्ण होते. दोन्हींचा कौल संगीताच्या बाजूने आहे. मात्र अपेक्षा बेताची ठेवावी, कारण 2006 च्या एका जुन्या आढाव्यात शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर वेदनेत सरासरी अर्ध्या गुणाचीच घट आढळली होती. त्यामुळे भूल किंवा वेदनाशामक औषध यांची जागा संगीत घेईल, असे कोणी धरून चालू नये. ज्याने संगीत सोबत न्यायचे ठरवलेच आहे, त्याच्यापुढे खरा प्रश्न ते कानापर्यंत न्यायचे कसे हा असतो. बाहेरचा आवाज दाबणारे हेडफोन लावावेत, की उशाशी एक लहान स्पीकर ठेवावा? मी दोन्ही करून पाहिले आहे.

माझा अनुभव मूतखड्याचा आहे. यंत्राने शॉकवेव्ह देऊन खडा फोडण्याची दोन सत्रे झाली, पहिले हेडफोन लावून आणि दुसरे स्पीकर ठेवून. मधल्या काळात एका दाढेचे रूट कॅनॉल हेडफोन लावून झाले, आणि शेवटी मूत्रनलिकेत बसवलेला स्टेंट (लघवीची वाट मोकळी ठेवणारी बारीक नळी) केवळ जेलीच्या भुलीखाली दुर्बिणीतून काढला गेला, तेव्हा पुन्हा स्पीकर होता. चार प्रसंगांवरून कोणताही नियम सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे.

हेडफोनची बाजू भक्कम आहे, आणि दंतवैद्याच्या खुर्चीत तर ती जवळजवळ निर्विवाद वाटते. तिथे दुखण्याइतकीच भीती ड्रिलच्या आवाजाची असते, आणि तो आवाज मंद झाला की निम्मे काम होते. ही कल्पना नवीनही नाही. 1959-60 च्या सुमारास वॉलेस गार्डनर हे दंतवैद्य आणि जे. सी. आर. लिकलायडर (पुढे संगणकांच्या जाळ्याची कल्पना मांडणारे तेच) यांनी रुग्णाच्या कानाला हेडफोन लावून त्यातून संगीत आणि धबधब्यासारखा एकसंध आवाज ऐकवण्याची पद्धत वापरून पाहिली होती. त्यातली मला सर्वांत शहाणपणाची वाटलेली गोष्ट म्हणजे आवाज कमीजास्त करण्याचे बटण रुग्णाच्याच हाती दिलेले होते. दुखू लागले की आवाज वाढवायचा. जिथे आपल्या हाती काहीच नसते तिथे एवढा ताबासुद्धा मोठा आधार देतो. माझ्या रूट कॅनॉलच्या वेळी मोबाइल माझ्या मुठीत होता आणि दुखल्यास डावा हात वर करायचा, असे आधीच ठरलेले होते. तोंड उघडे असल्याने संभाषणाचा प्रश्नच नव्हता. तो तास चांगला गेला.

शॉकवेव्हच्या टेबलावर मात्र याच हेडफोनने मला जो त्रास दिला, त्यावरच माझा निर्णय झाला. हे यंत्र मिनिटाला साधारण 60 ते 90 टोले देते आणि प्रत्येक टोल्याला पाठीत कोणी टिचकी मारल्यासारखे होते. शक्ती वाढवत नेली की त्या टिचकीची चापट होते. आवाज दाबणारे हेडफोन पंख्याची किंवा वातानुकूलनाची सलग घरघर उत्तम गिळतात, पण असे तुटक, टोकदार आवाज त्यांना तितकेसे पेलत नाहीत. त्यामुळे टोले ऐकू येतच राहिले आणि नेमकी माणसांची बोलणी पुसट झाली. तीही पूर्ण नाहीशी झाली असती तर बरे झाले असते. कोणीतरी काहीतरी बोलते आहे एवढे कळायचे, पण ते मला उद्देशून आहे का, सगळे ठीक चालले आहे का, हे कळायचे नाही. एरवी नुसती वेदना असती, तिथे आता शंकाही आली. श्वासाबरोबर मूत्रपिंड वरखाली सरकते, म्हणून रुग्णाने संथ, उथळ श्वास घ्यावा लागतो आणि तंत्रज्ञ मधूनमधून तशी सूचना देतो. मला दोन सूचना ऐकूच गेल्या नाहीत. तिसऱ्या वेळी त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. डोळे मिटून एका संथ आलापात शिरलेला मी एवढा दचकलो की खडा नेमापासून हलला आणि यंत्र थांबवून पुन्हा जुळवाजुळव करावी लागली. त्याने हे अत्यंत सौम्यपणे केले होते, त्याला दोष देता येणार नाही. मात्र पुढची वीस मिनिटे मी संगीत ऐकत नव्हतो, पुढचा स्पर्श कधी होईल याची वाट पाहत होतो.

हा केवळ माझा हळवेपणा असावा, असे मला बरेच दिवस वाटत होते. नंतर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील 2019 चा एक अभ्यास वाचनात आला. त्यात मज्जातंतूजवळ सुई टोचून भूल देण्याआधी 157 रुग्णांपैकी काहींना मिडॅझोलाम हे चिंताशामक औषध शिरेतून दिले गेले आणि काहींना तीन मिनिटे संशोधकांनी निवडलेले संगीत हेडफोनवरून ऐकवले गेले. चिंता दोन्ही गटांत जवळपास सारखीच कमी झाली, आणि संगीताच्या बाजूने हा मोठाच कौल आहे. परंतु संगीताच्या गटात एकमेकांशी बोलणे अवघड गेले, असे रुग्णांनीही सांगितले आणि डॉक्टरांनीही. हेडफोन आवाज दाबणारेच होते.

उशाशी ठेवलेल्या स्पीकरचे तोटे मी लपवणार नाही. त्याचा आवाज फक्त तुमचा राहत नाही, आणि खोलीतल्या प्रत्येकाला तुमची आवड सोसावी लागते. शस्त्रक्रियागृहात ग्रामोफोन वाजवण्याबद्दल इव्हान केन या अमेरिकन शल्यविशारदाने 1914 मध्येच तिथल्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात लिहिले होते, म्हणजे ही प्रथा शंभर वर्षांहून जुनी आहे. तरी आक्षेपही रास्त आहेत. लंडनच्या संशोधकांनी 20 शस्त्रक्रियांच्या चित्रीकरणाचा अभ्यास करून 2015 मध्ये दाखवले की, संगीत वाजत असताना एखादी विनंती पुन्हा करावी लागण्याची शक्यता पाचपट होती. म्हणून स्पीकर न्यायचा तर आवाजाची पातळी डॉक्टरांनी ठरवावी, रुग्णाने नाही. हातातले बटण इथे सोडून द्यावे लागते, आणि हेडफोनच्या तुलनेत ही खरीच उणीव आहे.

तरीही दुसऱ्या सत्रात मी जेमतेम ऐकू येईल इतक्या आवाजात स्पीकर लावला, आणि संगीताने काहीही झाकले नाही, हाच त्याचा गुण ठरला. तंत्रज्ञाचे “आता थोडे जोरात लागेल” हे शब्द टोल्याच्या आधी कानावर पडले. सांगून आलेला टोला न सांगता आलेल्या टोल्यापेक्षा कमी लागतो, असे माझे मत आहे, आणि ते मोजून दाखवणे मला शक्य नाही. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: ठेक्याचे संगीत या यंत्राबरोबर नेऊ नका. मिनिटाला 60 ते 80 मात्रांची लय शांत करते असे सर्वत्र सांगितले जाते, पण यंत्राची चालही नेमकी त्याच टप्प्यात असते आणि दोन ठेके एकमेकांत अडखळू लागले की डोके उठते. ठेका नसलेली लांब बासरी मला उपयोगी पडली. जिवाभावाची रचनाही शक्यतो निवडू नका, कारण पहिल्या सत्रातला तो आलाप मी अजून घरी लावू शकलेलो नाही.

एका कानात इअरफोन आणि दुसरा कान मोकळा, असा मध्यम मार्ग काहीजण सुचवतात. कुशीवर झोपायचे असेल तर तो टोचतो, उताणे असाल तर चालून जाईल. एमआरआयमध्ये तर निवडीला वावच नाही. चुंबकामुळे आपले काहीच आत नेता येत नाही, आणि मिळाले तर हवेच्या नळीतून आवाज आणणारे तिथलेच हेडफोन मिळतात.

आपण जागे असू, आपल्याला सूचना पाळाव्या लागणार असतील, तर मी स्पीकरकडे झुकेन. ज्यांना उपकरणांचा आवाजच असह्य होतो, त्यांनी माझे ऐकू नये. स्टेंट काढायच्या दिवशी मी परवानगी विचारली तेव्हा डॉक्टरांनी स्पीकर उशापासून हातभर दूर सरकवला, आवाज दोन टप्पे उतरवला, आणि “आता खोल श्वास” म्हणाले. ते मला पहिल्याच वेळी ऐकू आले, पुन्हा सांगावे लागले नाही. हेडफोन त्या दिवशीही पिशवीत होते, पूर्ण भूल द्यावी लागलीच असती तर भूल चढेपर्यंत लावायला.