जीएसटी अकाउंटिंगचा ऑनलाइन कोर्स: सहा-सात महिने वापरल्यावर

मुदतवाढीचा मेसेज आलाय, चार हजार मागतायत. मी भरलेले नाहीत. धडे किती, सर्टिफिकेट मिळतं का, हे जाहिरातीत आहेच. मला बोलायचंय ते पडद्याबद्दल.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं मशीन शॉप आहे, बिलं मी करतो. माल पुण्याला गेला तर केंद्राचा सीजीएसटी आणि राज्याचा एसजीएसटी, 9 अधिक 9 टक्के. त्याच्या निम्म्या अंतरावरच्या बेळगावला गेला की राज्य बदललं, सरळ 18 टक्के आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा कर. हा धडा लई सुंदर केलाय. नकाशा, त्यावर सरकणारा बाण, सोबत फक्त आवाज. एकदा बघितलं आणि डोक्यात बसलं.

बाकीचे धडे बघताना मात्र जीव मेटाकुटीला येतो. पडद्यावर अख्खा परिच्छेद, आणि बाई तोच परिच्छेद शब्दन् शब्द वाचतात, खाली संगीत. माझं वाचून होतं तेव्हा त्या दुसऱ्या ओळीवर असतात. आवाज संपेपर्यंत ‘पुढे’ बटण उघडत नाही. एक वाक्य निसटलं तर धडा पहिल्यापासून! दिवसभर मशीनच्या आवाजात काढून रात्री बसणाऱ्या माणसाचा वेळ असा का घालवायचा?

यावर अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांत चित्र आणि आवाज एवढंच मिळालेले विद्यार्थी जास्त शिकले. तेच बोलणं खाली छापलं की डोळे चित्र सोडून अक्षरांमागे धावतात. सजावटीचं संगीतही शिकणं कमी करतं. ऑस्ट्रेलियातले मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांनी 1988 साली मांडलं ते हेच: एका वेळी डोक्यात मावतं थोडं, ते फालतू गोष्टींत खर्चू नये.

ग्राहक सेवेला हे सांगितलं. उत्तर आलं, ‘धडा पूर्ण ऐकला जातो याची खात्री राहते.’ ऐकला जातो, पण समजतो का?

मध्यंतरी माझं मत थोडं बदललं. वहिनी बिलिंगला यायला लागल्या, त्यांनाही हाच कोर्स घेऊन दिला. ‘इनपुट टॅक्स क्रेडिट’, ‘रिव्हर्स चार्ज’ हे शब्द त्यांनी कधी ऐकलेले नव्हते. “भाऊजी, अक्षर दिसलं की डोक्यात बसतंय बघा,” म्हणाल्या. अनोळखी शब्द असतील किंवा भाषा परकी असेल तर छापील मजकुराची मदत होते, हे मेयरही मान्य करतात. म्हणजे अक्षरं काढून टाका असं माझं म्हणणं नाही. ती चालू-बंद करायचं बटण द्या. नवख्याला जे लागतं तेच जाणत्याला अडवतं, आणि कोर्स दोघांनाही एकाच भावात विकताय.

तेवढं बटण आणि दहा सेकंद मागं जायची सोय आली की मी पैसे भरतो. वहिनींची मुदत मात्र वाढवून घेतलीय, त्यांचा टीडीएसचा भाग राहिलाय.