‘सर, हे मूडल आहे’ : एलएमएसच्या नावाखाली गेलेले ५,९७,५५० रुपये

आकडा आधीच लिहून टाकतो. संस्थेचे ५,५७,५५० आणि माझ्या पगारातले ४०,०००. एकूण ५,९७,५५० रुपये. त्यातला एक रुपयाही अजून परत आलेला नाही, आणि त्या व्यवहाराच्या प्रत्येक कागदावर समन्वयक म्हणून माझी सही आहे.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं वरिष्ठ महाविद्यालय आहे. मी तिथे वाणिज्य शिकवतो. संगणक हा माझा विषय नाही, तरी एलएमएस (ऑनलाइन अभ्यासक्रम, असाइनमेंट आणि चाचण्या चालवायचं सॉफ्टवेअर) समितीचं काम माझ्याकडे आलं, कारण कार्यालयीन कागदपत्रं नीट ठेवणारा म्हणून माझं नाव होतं. लॉकडाऊनमध्ये आम्ही गूगल क्लासरूमवर भागवलं होतं. फुकट होतं आणि बरं चाललं होतं. पण नॅकची (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची) तयारी सुरू झाली आणि ‘कॉलेजचं स्वतःचं एलएमएस हवं’ असं बैठकीत ठरलं. त्यात मार्चअखेर जवळ आलेला. त्या खर्चासाठी ठेवलेला निधी ३१ तारखेच्या आत खर्ची पडला नाही तर परत जाणार, हे सगळ्यांनाच माहीत होतं. विकणाऱ्यांनाही ते माहीत असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये कॉलेजात चकरा वाढतात त्या यासाठीच.

एलएमएस विकणाऱ्या एका कंपनीचा माणूस १९ मार्च २०२४ ला डेमो द्यायला आला. सेमिनार हॉलमध्ये प्रोजेक्टर लावला. प्राचार्य, आयक्यूएसीचे (अंतर्गत गुणवत्ता कक्षाचे) समन्वयक, तीन विभागप्रमुख आणि मी. ‘हे पूर्ण आमच्या टीमने लिहिलेलं सॉफ्टवेअर आहे सर, चार वर्षांची मेहनत आहे,’ असं तो दोनदा म्हणाला. स्क्रीनवर त्यांचा लोगो, त्यांचा निळा रंग. अभ्यासक्रम, असाइनमेंट, क्विझ, हजेरी सगळं व्यवस्थित दिसत होतं.

प्रोजेक्टरची वायर धरून आमचा प्रयोगशाळा सहायक उभा होता. मानधनावर काम करणारा, पंचविशीतला मुलगा. तो स्क्रीनजवळ गेला, ब्राउझरमधल्या पत्त्याच्या पट्टीवर बोट ठेवलं. तिथे कोर्स, व्ह्यू, पीएचपी असं काहीतरी होतं आणि शेवटी आयडी बरोबर दोन. तो हळूच म्हणाला, ‘सर, हे मूडल आहे.’

त्या माणसाचा चेहरा क्षणभर उतरला. मी पाहिला तो, अगदी समोर बसून पाहिला. मग तो हसून म्हणाला, ‘धर्तीवर आहे, पण इंजिन आमचं स्वतःचं.’ आणि मी काय केलं? मी त्या मुलालाच म्हणालो, ‘अरे, पाहुण्यांना बोलू दे. तू चहाचं बघ.’

तो गेला. पाच लाख सत्त्याण्णव हजार रुपये त्या एका वाक्यात गेले. पुढच्या दहा महिन्यांत जे घडलं ते सगळं ओळखायला लागणारी माहिती त्या मुलाने चार शब्दांत दिली होती, आणि मी त्याला चहा आणायला पाठवलं. रात्री झोप लागत नाही तेव्हा पैसे आठवत नाहीत, मागे सरलेलं त्याचं ते बोट आठवतं.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: मूडल हे ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या मार्टिन डुगियामस यांनी सुरू केलेलं एलएमएस आहे. पहिली आवृत्ती २००२ ची. जीपीएल परवान्याखाली मुक्त आहे. कुणीही उतरवून घ्यावं, सर्व्हरवर टाकावं, बदलावं. विद्यार्थ्यामागे परवान्याचे पैसे हा प्रकार त्यात नाहीच. ते बसवून देण्याचे, सांभाळण्याचे पैसे घेणं कायदेशीर आहे आणि प्रामाणिकपणे ते काम करणारे लोक आहेत. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दुसऱ्याचं मुक्त सॉफ्टवेअर ‘आम्ही लिहिलं’ म्हणून दाखवायचं आणि डोईमागे परवाना लावायचा, याला मी फसवणूकच म्हणणार.

आता बिल बघा. १,८५० विद्यार्थी, प्रत्येकी २१० रुपये वार्षिक परवाना, म्हणजे ३,८८,५००. सेटअप ६०,०००. दोन दिवसांचं शिक्षक प्रशिक्षण २४,०००. बेरीज ४,७२,५००. त्यावर १८ टक्के जीएसटी ८५,०५०. एकूण ५,५७,५५०. करारात ८० टक्के आगाऊ. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, २६ मार्चला, ४,४६,०४० रुपयांचा आरटीजीएस झाला. उरलेले १,११,५१० जुलैत ‘प्रशिक्षण पूर्ण’ या शेऱ्यावर दिले. दोन दिवसांचं ठरलेलं प्रशिक्षण एका दुपारी अडीच तासांत उरकलं होतं. शेरा मीच मारला, कारण वर्ग सुरू झाले होते आणि वाद नको होता.

तीन कोटेशन घेतली होती का, असं ऑडिटरने विचारलं. होती. पण बाकीची दोन त्याच माणसाने आणून दिली होती, ‘सर, तुमच्या फायलीला लागतील’ म्हणून. मला यात तेव्हा काही वावगं वाटलं नाही, हे खरं सांगतो. अनेक संस्थांत हेच चालतं आणि मार्चमध्ये तर सर्रास. नंतर तिन्ही कागद शेजारी ठेवले तर ‘व्हॅलिडिटी’चं स्पेलिंग तिन्हींत एकाच जागी चुकलेलं. दुसरं कोटेशन विकणाऱ्याच्या हातून कधीही घेऊ नका. फोन करून, स्वतः मागवा.

आणि जीएसटी. मी वाणिज्य शिकवतो, त्यामुळे हे लिहिताना मान खाली जाते. त्यांच्या बिलावरचा जीएसटी क्रमांक मी डिसेंबरमध्ये पोर्टलवर टाकून पाहिला. लॉगिन लागत नाही, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. नोंदणी रद्द. रद्द झाल्याची तारीख ३१ जानेवारी २०२४. आमचं बिल २२ मार्चचं. म्हणजे ते ८५,०५० सरकारकडे जाण्यासाठी घेतलेच नव्हते. मुलांना मी दर वर्षी बीजकावर काय काय तपासायचं ते फळ्यावर लिहून देतो.

जून-जुलै बरे गेले. ऑगस्टमध्ये पहिल्या चाचणीला २०० मुलं एकदम क्विझला बसली की पान फिरत राहायचं. ‘तुमचं नेट स्लो आहे’ हे उत्तर. मुलं आपापल्या घरून, आपापल्या मोबाईलवर होती, मग नेट कुणाचं स्लो? ते सगळं त्यांनी कुठल्यातरी स्वस्त सामायिक होस्टिंगवर, म्हणजे अनेकांच्या साइट एकत्र असलेल्या सर्व्हरवर, ठेवलं होतं. सर्व्हर कुठे आहे, कुणाच्या नावावर आहे, हे करारात एका ओळीनेही नव्हतं. ही ओळ नसेल तर सही करू नका.

९ डिसेंबरला सोमवारी सकाळी साइट उघडली तर पांढऱ्या पानावर एकच वाक्य: खातं निलंबित, होस्टिंग कंपनीशी संपर्क साधा. त्यांनी होस्टिंगचं बिलच भरलं नव्हतं. ४१२ विद्यार्थ्यांचं अंतर्गत मूल्यमापन त्यात, ६४ शिक्षकांच्या प्रश्नपेढ्या त्यात. बॅकअप आमच्याकडे शून्य. मूडलमध्ये शिक्षकाला आपल्या कोर्सचा बॅकअप एका फाईलमध्ये काढता येतो, पण ती सोय त्यांनी बंद करून ठेवली होती. आम्हाला ‘मॅनेजर’ केलं होतं; खरा साइट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर तेच. मला वाटायचं, मॅनेजर म्हणजे सगळ्यात वरचा.

फोन लागला तेव्हा मागणी आली: डेटा हवा तर ८५,०००. गुणपत्रकं विद्यापीठाला द्यायची तारीख डोक्यावर. प्राचार्यांना सांगायची हिंमत झाली नाही. ११ डिसेंबरला मी माझ्या खात्यातून ४०,००० यूपीआय केले, घरी न सांगता. संध्याकाळी एक झिप फाईल आली. त्यात फक्त डेटाबेस. मूडलमध्ये मुलांनी चढवलेल्या फाईली डेटाबेसमध्ये नसतात, ‘मूडलडेटा’ नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये असतात. ते फोल्डर दिलंच नाही. असाइनमेंटची नावं दिसतात, तारखा दिसतात, उघडायला गेलं की काही नाही. हे मला त्याच मुलाने समजावलं. रात्री साडेनऊपर्यंत तो माझ्याबरोबर लॅबमध्ये बसला होता. मार्चमधल्या त्या दिवसाबद्दल त्याने एक शब्द काढला नाही. मीच माफी मागितली.

त्याच रात्री त्याने जुन्या पानाच्या सोर्समध्ये मूडलच्या मदत-पानांचा दुवा दाखवला. त्यात ३९ हा आकडा. म्हणजे आवृत्ती ३.९. ती जून २०२० ची, आणि तिची सुरक्षा-दुरुस्ती डिसेंबर २०२३ मध्येच थांबलेली. आम्हाला ती मार्च २०२४ मध्ये नवीकोरी म्हणून विकली होती. १,८५० मुलांचे मोबाईल क्रमांक आणि जन्मतारखा त्यावर होत्या.

आता तक्रारीचं. १६ जानेवारी २०२५ ला पोलीस ठाण्यात गेलो. दीड तास बाकावर. मग प्रश्न: ‘सॉफ्टवेअर दिलं ना त्याने? चाललं ना सहा महिने? मग फसवणूक कसली, हा दिवाणी मामला.’ मी सांगितलं, माल खोटं सांगून विकला. तर म्हणे लेखी आणा, बिलं आणा, करार आणा, संस्थेचा ठराव आणा. सगळं घेऊन गेलो तर पुढचा घोळ: मार्चचे पैसे १ जुलै २०२४ च्या आधीचे, त्यांना जुन्या भारतीय दंड संहितेचं ४२०, डिसेंबरचे ४०,००० नव्या न्याय संहितेखाली, कलम ३१८. ‘एक तक्रार की दोन ते आधी ठरवा.’ मी ठरवायचं? कलम लावणं फिर्यादीचं काम आहे का? तिथून जिल्ह्याच्या सायबर कक्षाकडे पाठवलं. ७० किलोमीटर. तिथे उत्तर, ‘तुम्ही बिल घेऊन, करार करून, स्वतः पैसे दिलेत. हे सायबर नाही, ठाण्यात जा.’ परत ठाणं. साहेब बंदोबस्तात. असे सात हेलपाटे, सात किरकोळ रजा. तक्रारीची पोच मागितली तर ‘अर्ज चौकशीवर ठेवलाय’. दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवून घेणं हे त्यांचं कर्तव्य आहे, हे मी वाचून गेलो होतो. बोललो तर ‘मास्तर, आम्हाला शिकवू नका’ हे ऐकायला मिळालं. वीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला आपणच चोरी केल्यासारखं तिथे उभं राहावं लागतं. तो माणूस मात्र तेव्हाही गावोगाव डेमो देत होता.

कराच्या कार्यालयात तर अधिकाऱ्याने विचारलं, ‘तुमच्या संस्थेने क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) घेतलं नाही ना? मग तुमचं काय गेलं?’ ८५,०५० गेले साहेब. हेच उत्तर दिलं. त्यांनी अर्जावर शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

एक चूक माझी, ती सांगतो. यूपीआयने पैसे गेले त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा असतो, रक्कम पुढे सरकण्याआधी खातं गोठवता येण्याची शक्यता असते. मी लाजेपोटी पाच आठवडे गप्प बसलो. पैसे गेले की आधी फोन, लाज नंतर.

वकिलांचं म्हणणं, ३ लाखांवरचा व्यावसायिक वाद, दाव्याआधी मध्यस्थीला जावं लागेल. गेलो. समोरचा आलाच नाही. आता दावा. करारातल्या अकराव्या कलमात लिहिलंय की वाद फक्त त्यांच्या शहरातल्या न्यायालयात. ते कलम मी वाचलं होतं आणि नेहमीचंच म्हणून सोडून दिलं होतं.

सध्या त्या मुलानेच भाड्याच्या सर्व्हरवर मूडल बसवलंय, वर्षाला १८,४०० रुपये खर्च. सर्व्हर संस्थेच्या नावावर, अ‍ॅडमिनचा पासवर्ड प्राचार्यांच्या बंद पाकिटात, बॅकअप दर शनिवारी दोन हार्डडिस्कवर. डेमो घ्यायचाच झाला तर त्यांच्या लॅपटॉपवर नको, तुमच्या मशीनवर घ्या. तुमचा एक कोर्स चढवा, त्याचा बॅकअप काढा, तो दुसरीकडे उघडून दाखवा म्हणा. आणि लॅबमध्ये काम करणाऱ्या माणसाला खोलीतून बाहेर पाठवू नका.

एक गोष्ट लिहायची टाळत होतो. एप्रिल २०२४ मध्ये त्या कंपनीच्या माणसाने विचारलं होतं, ‘सर, कुणी फोन केला तर दोन शब्द चांगले बोलाल ना?’ मी हो म्हणालो. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका प्राचार्यांचा फोन आला. आमच्याकडे तेव्हा एकही कोर्स सुरू झाला नव्हता, तरी मी ‘चांगलं आहे, घ्या’ असं सांगितलं. गेल्या महिन्यात मी त्यांना स्वतः फोन केला आणि सगळं सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘आम्ही ३,९२,००० दिले सर. तुमच्या शब्दावर दिले.’