बल्बच्या डब्यातलं ते कार्ड आणि माझे ५०,८०२ रुपये

आधी आकडा सांगतो. ५०,८०२ रुपये. बल्बचे २,२९९, ‘वॉरंटी नोंदणी’चे ५, आणि त्यानंतर खात्यातून गेलेले १९,९९९, पुन्हा १९,९९९ आणि ८,५००. रविवारची संध्याकाळ, माझ्याच घराचं गेट, गाडीचं बोनेट उघडं आणि मी शेजारी उभा. दोन महिने हे मी सख्ख्या भावालाही सांगितलं नाही. आता लिहितोय, कारण परवा ऑफिसातल्या एकाने नवीन बल्बचा डबा दाखवायला आणला आणि त्यात अगदी तेच कार्ड होतं. त्याच्या हातातून ते हिसकावूनच घेतलं मी.

मला गाडीतलं काही कळत नाही असं कुणी समजू नये. वीस वर्षं झाली, हेडलाइटचे बल्ब मी घरीच बदलतो. गाडी २०१४ ची हॅचबॅक, बल्ब एच-४, ६०/५५ वॅट, म्हणजे हाय बीमला (लांबचा लाइट) ६० आणि लो बीमला (जवळचा लाइट) ५५. बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची, बल्बमागचा तीन पिनांचा कपलर, म्हणजे वायरची जोडणी, सरळ ओढायची, रबरी टोपी काढायची, तारेची क्लिप दाबून बाजूला सारायची, बल्ब हातात. हॅलोजनच्या काचेला उघडं बोट लावायचं नाही. बोटाचं तेल काचेवर राहतं, तेवढीच जागा जास्त तापते आणि बल्ब वेळेआधी जातो. लागलंच बोट, तर स्पिरिटने पुसून घ्यायचं. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. आणि नेमकं हेच माहीत असताना मी बुडालो, याचाच राग जास्त आहे.

मी नागपूरचा, सासुरवाडी जवळच्या काटोलकडची, संत्र्याची बाग आहे. महिन्यातून दोनदा तरी रात्रीचं काटोल रोडने जाणं-येणं होतं. समोरून हल्ली पांढऱ्या झगझगीत लाइटच्या गाड्या येतात, डोळे दिपतात, आणि ती गाडी गेली की आपल्या पिवळ्या उजेडात रस्त्याची कड सुद्धा दिसत नाही. मागच्या पावसाळ्यात एक रानडुक्कर अगदी बोनेटसमोरून गेलं. बायको तेव्हापासून मागे लागली होती की लाइटचं काहीतरी करा. म्हणजे हौस नव्हती, गरज होती.

खरं दुखणं बल्बचं नव्हतंच. अकरा वर्षांच्या नागपूरच्या उन्हाने हेडलाइटची पुढची काच, म्हणजे ते प्लास्टिक, पिवळं धुरकट पडलं होतं. पाण्याचा पॉलिश पेपर आणि पॉलिश घेऊन अर्धा दिवस घासलं असतं तर भागलं असतं. नंतर तेच केलं, आणि जुन्याच बल्बचा उजेड नव्यासारखा झाला. पण तेव्हा मोबाइलवर जाहिरात आली: एलईडी जोडी, २०० वॅट, २०,००० ल्युमेन (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप), ‘नागपुरात दोन दिवसांत घरपोच, घरीच बसवा’. साध्या एच-४ हॅलोजनचा उजेड लो बीमला साधारण १,००० आणि हाय बीमला १,६५० ल्युमेन असतो, हे मला माहीत होतं. २०० वॅट भागिले १२ व्होल्ट केले की सोळा अँपिअरच्या वर जातं, आणि माझ्या गाडीत त्या लाइनीला फ्यूज १५ चा आहे, हेही माहीत होतं. म्हणजे आकडा खोटा. पण जाहिरातीत सगळेच फुगवून सांगतात, असं म्हणून मी ऑर्डर टाकली. पैसे डिलिव्हरीच्या वेळी द्यायचे होते, त्यामुळे धोका काही वाटला नाही. कॅश ऑन डिलिव्हरी म्हणजे सुरक्षित, हे डोक्यातून काढून टाका. पैसे देईपर्यंत डबा उघडू देत नाहीत, मग त्याचा काय उपयोग?

एप्रिलमधला रविवार. दुपारी बाहेर उभं राहवत नाही म्हणून साडेपाचला कामाला लागलो. त्याच रात्री काटोलला निघायचं होतं. एलईडीच्या मागे पंखा आणि ॲल्युमिनियमचा गोळा, त्यामुळे रबरी टोपी बसेना. तिला कापायला लावतात ते विकणारे लोक. कापू नका. एकदा का तिथून पावसाचं पाणी आणि धूळ आत गेली की रिफ्लेक्टर गेलाच समजा. मी टोपी तशीच बाजूला ठेवली आणि समोरच्या कंपाउंडच्या भिंतीवर लाइट टाकून पाहिले.

चांगल्या लो बीमची भिंतीवर एक रेघ दिसते. रेघेच्या वर अंधार, खाली उजेड, आणि आपण डावीकडून चालवतो म्हणून डाव्या बाजूला ती रेघ जरा वर चढते. त्या रेघेमुळेच समोरच्याचे डोळे वाचतात. माझ्या भिंतीवर रेघच नव्हती. नुसता पांढरा फराटा, अगदी भिंतीवरच्या जास्वंदीपर्यंत. म्हणजे असा बल्ब लावून मी काटोल रोडवर दुसऱ्यांचे डोळे फोडत गेलो असतो. तरी पहिल्या क्षणी मला वाटलं काय, तर ‘वा, किती उजेड!’ मग पाच मिनिटांत डावा बल्ब फडफडायला लागला आणि बंद पडला.

डब्यात कार्ड होतं. जाड, चकचकीत. ‘२ वर्षं रिप्लेसमेंट वॉरंटी, स्कॅन करा’. क्यूआर कोड छापलेला नव्हता, वरून स्टिकर चिकटवलेला होता, एक कोपरा उचललेलाही होता. मी स्कॅन केलं, नाव आणि मोबाइल नंबर भरला. चार मिनिटांत फोन. अस्सल आपल्याकडची बोली. त्या बोलीनेच घात केला. हिंदीत कुणी बोललं असतं तर मी सावध झालो असतो, हे शपथेवर सांगतो.

“काका, टेन्शन नका घेऊ, पीस बदलून देतो ना. बसवतानी काचेले हात तर नाही लागला तुमचा? हात लागला असन, म्हणून गेला तो.”

हा तो क्षण. रात्री दोन वाजता जाग येते तेव्हा हेच वाक्य ऐकू येतं. एलईडीला काच कुठे असते? बल्ब माझ्या डाव्या हातात होता. दोन्ही बाजूंना पिवळे चिप, मध्ये धातूची पट्टी, मागे पंखा. काच नाहीच. काचेचा नियम हॅलोजनचा. हा माणूस बल्ब विकणारा असता तर असं बोललाच नसता. माझ्या मनात हे आलं, अगदी शब्दांत आलं, ‘अरे, याला काच कुठे आहे?’ आणि मी बोललो काय? “नाही हो, मी ग्लोव्ह घातले होते.” मी खुलासा देत होतो! त्याने दोष माझ्यावर टाकला आणि मी स्वतःला निर्दोष ठरवण्यात गुंतलो. त्याच क्षणी मी फोन ठेवून दिला असता तर ४८,५०३ रुपये आज खात्यात असते.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. व्हॉट्सॲपवर ‘रिप्लेसमेंट फॉर्म’ नावाची एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून टाकायचं ॲप. मोबाइलने इशारा दिला होता, मी परवानगी दिली. मेसेज वाचायची परवानगी मागितली, तीही दिली. कुठलं ॲप ती मागत नाही? फॉर्ममध्ये ५ रुपये कार्डने भरायचे, म्हणून कार्डाचा नंबर, तारीख, मागचे तीन आकडे, सगळं टाकलं. पण एक लिहून ठेवतो, कारण बँकेत मला हेच चारदा ऐकवलं गेलं: ओटीपी मी कुणालाही सांगितलेला नाही. मला तो दिसलाच नाही. ते ॲप मेसेज परस्पर उचलून पुढे पाठवत होतं. एक मेसेज वर चमकल्यासारखा झाला आणि गेला. हाताला ग्रीस, अंधार पडत आलेला, बायको आतून “निघायचं ना?” विचारतेय. मी जुने हॅलोजन पुन्हा बसवले आणि निघालो. जुने बल्ब फेकले नव्हते म्हणून निघता तरी आलं. नवीन बसवले की जुने निदान महिनाभर डिकीत राहू द्या.

काटोल रोडवरच्या फेटरी गावाच्या अलीकडे पेट्रोल भरायला थांबलो आणि कार्ड चाललं नाही. शिल्लक पाहिली, ३१२ रुपये. बायकोच्या पर्समधले पाचशे काढले. ती एक शब्द बोलली नाही, ते आणखी लागलं.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला तेव्हा ८:४० झाले होते. पहिले पैसे ६:५२ ला गेलेले. या पावणेदोन तासांत दोन मोठ्या रकमा तीन खात्यांतून फिरून निघून गेल्या होत्या. शेवटचे ८,५०० तेवढे कुठल्या तरी खात्यात अडकले आणि होल्ड झाले, म्हणजे गोठवले गेले. म्हणून, असं काही झालं तर आधी मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका, दुसऱ्याच्या फोनवरून कार्ड बंद करा आणि १९३० लावा. रडणं, भांडणं, मुलाला फोन करणं नंतर. ते ॲप काढून टाकायच्या आधी त्याचे आणि त्या चॅटचे फोटो दुसऱ्या मोबाइलने काढा. मी रागाच्या भरात सगळं डिलीट केलं आणि नंतर पुराव्यासाठी कपाळ बडवत बसलो.

आता बँक. सोमवारी दहाला दारात उभा. “तुम्हीच डिटेल्स टाकले ना?” एवढंच. लेखी तक्रार घ्यायला तयार नाहीत, “ॲपवरून करा” म्हणे. ज्या मोबाइलमध्ये चोर बसलाय त्याच मोबाइलच्या ॲपवरून! रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक मी नंतर छापून नेलं. त्यात ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचं ओझं बँकेवर टाकलंय, आणि तक्रारीचा निकाल ९० दिवसांत लावायचाय. साहेबांनी कागद उलटा करून टेबलावर ठेवला. वाचला नाही. पोच मिळेपर्यंत मी खुर्चीवरून उठलो नाही, सव्वादोन तास बसलो. तुम्हीही पोच घेतल्याशिवाय उठू नका. तीस दिवसांत उत्तर आलं नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, फी लागत नाही. मी केली आहे.

पोलीस ठाण्याचं नाव घेत नाही. पहिल्या ठाण्यात: “ऑनलाइन टाकली ना तक्रार? मंग इकडं कायले आले?” दुसऱ्यात: “तुमची हद्द नाही.” पुन्हा पहिल्यात: “साहेब बंदोबस्तात आहेत, परवा या.” परवा गेलो, साहेब होते, आणि मला ऐकवलं, “काका, लेकराले विचारून घ्यायचं ना आधी.” माझं वय ५४ आहे, मी तीस वर्षं हिशेबाचं काम करतोय. मी शहाणपण ऐकायला तिथे गेलो होतो का? गुन्हा घडलाय, नोंदवून घ्या. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, ऑनलाइन तोतयेगिरीसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-ड आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीचं कारण सांगून दखलपात्र गुन्ह्याची तक्रार परत पाठवता येत नाही. मी हे म्हटल्यावर हवालदार हसला. सहा चकरा, प्रत्येक वेळी अर्धी रजा. “पैसे बाहेरच्या राज्यात गेले, पन्नास हजारांसाठी कोण जाईल?” हे तोंडावर बोलले. पन्नास हजार माझा दीड महिन्याचा घरखर्च आहे! सातव्यांदा गेलोच नाही, तक्रार रजिस्टर्ड पोस्टाने वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे पाठवली. पोचपावती आली, गुन्हा अजून नोंदलेला नाही.

ग्राहक म्हणून दाद मागायला एका कार्यालयात गेलो, तर विक्रेत्याचा पत्ता आणा म्हणाले. डब्यावरचा पत्ता मी स्वतः जाऊन पाहिला. तिथे पिठाची गिरणी आहे. बिचारा गिरणीवाला म्हणाला, तुम्ही चौथे.

बल्ब मी मीटर लावून मोजला. १.६ अँपिअर, म्हणजे वीस वॅटच्या आसपास. दोनशेच्या ठिकाणी वीस. आणि शिवाय मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेला बदल गाडीत केला तर मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. तो विकणारा मोकळा, बसवणारा अडकला.

बल्ब घ्यायचाच तर दुकानातून, बिलावर दुकानाचा जीएसटी नंबर असेल तरच, आणि गाडीला जो वॅट दिलाय तोच. १००/९० चे हॅलोजन साध्या वायरिंगवर लावू नका, होल्डर वितळतो. बल्बच्या बुडावर वर्तुळातलं ‘ई’ आणि आकडा, म्हणजे मान्यतेची खूण, शोधा. जोडीने बदला. भिंतीवर रेघ पाहिल्याशिवाय बोनेट बंद करू नका. आणि डब्यात स्कॅन करायचं कार्ड निघालं तर तिथेच फाडा. वॉरंटी द्यायला कुणाला पाच रुपये लागत नाहीत.

मी नंतर साधी ६०/५५ हॅलोजन जोडी ७४० रुपयांना, पक्क्या बिलावर घेतली. काच तर आधीच घासली होती. भिंतीवर रेघ स्वच्छ पडते. होल्डवरचे ८,५०० सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणतात, त्यासाठी परवा वकिलाकडे गेलो होतो. त्यांनी फी ३,००० सांगितली. देणार आहे. ते कार्ड, स्टिकरसकट, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलंय. नागपुरात आणखी कुणाच्या डब्यात असं कार्ड निघालं असेल तर लाजू नका, तुमची तक्रार लेखी टाका, आणि त्यात बल्बच्या डब्याचा उल्लेख करा, म्हणजे या तक्रारी एकमेकींना जोडता तरी येतील.