लिब्रोसावर पठणातले हेल टिपताना : काही महिन्यांच्या वापरानंतर

गोव्यातल्या पेडणे, सत्तरी, फोंडा आणि काणकोण या तालुक्यांतील पठणकर्त्यांनी म्हटलेले मराठी श्लोक ऐकवून संगणकाला त्यांचा हेल ओळखता यावा, यासाठी ध्वनिवैशिष्ट्ये काढण्याचे काम मी काही महिने लिब्रोसा या मोफत पायथन लायब्ररीवर करीत आहे. साध्या लॅपटॉपवर ती विनातक्रार चालते.

तिची मूळ मापे मात्र संगीताला सोयीची आहेत. काहीही न बदलल्यास ती ध्वनी 22,050 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला तितक्या नमुन्यांवर, आणते आणि एका वेळी तपासायचा तुकडा, ज्याला चौकट म्हणतात, 2,048 नमुन्यांचा, म्हणजे सुमारे 93 मिलिसेकंदांचा घेते. 'चांदणे'मधल्या च चे घर्षण 'चंद्र'मधल्या च पेक्षा वरच्या वारंवारतांवर उमटते आणि हेल ओळखताना नेमका हाच फरक हवा असतो. पण एवढ्या लांब चौकटीत पुढचा स्वरही शिरतो आणि दोन्ही च जवळजवळ सारखे दिसू लागतात. 16,000 हर्ट्झवर 400 नमुन्यांची चौकट आणि एका चौकटीपासून पुढच्या चौकटीपर्यंत 160 नमुन्यांचे पाऊल, म्हणजे 25 आणि 10 मिलिसेकंद, अशी मापे दिल्यावर तो फरक आलेखात डोळ्यांनाही दिसतो.

ध्वनीच्या वर्णपटाचा आकार थोडक्यात मांडणारे एमएफसीसीचे 13 गुणांक आणि त्यांचे डेल्टा, म्हणजे चौकटीगणिक होणारे बदल, हा माझा पाया आहे. प्रत्येक ध्वनिमुद्रणातल्या गुणांकांची सरासरी वजा केली की माइकचा स्थायी रंग बराच उतरतो, पण देवळाच्या सभामंडपातला घुमारा चौकटीहून कितीतरी लांब असल्यामुळे तो तसाच राहतो. एका तालुक्याचे पठण मंडपात आणि दुसऱ्याचे घरात मुद्रित केले, तर संगणक हेलाऐवजी जागा ओळखायला शिकेल. म्हणून सगळ्यांना शक्यतो एकाच खोलीत बसवावे, आणि एकाच व्यक्तीचा आवाज शिकवणीत व चाचणीत दोन्हीकडे येऊ देऊ नये, याबद्दल माझा कटाक्ष आहे.

स्वराची उंची मोजणारी पीवायआयएन पद्धत विश्वासार्ह असली तरी संथ आहे. शिवाय श्लोकात उंचीचा चढउतार मुख्यतः चालीचा असतो, म्हणणाऱ्याच्या गावाचा नव्हे, त्यामुळे बोलण्यातून हेल ओळखताना उपयोगी पडणारे हे वैशिष्ट्य पठणात मी जवळजवळ बाजूला ठेवले आहे. त्याऐवजी दीर्घ स्वरांची लांबी आणि स्वरांचे फॉर्मंट, म्हणजे मुखपोकळीच्या आकारामुळे ठळक होणाऱ्या वारंवारता, अधिक बोलके वाटले. लिब्रोसात फॉर्मंटसाठी तयार सोय नाही, म्हणून तेवढे काम पार्सलमाउथ या पायथन लायब्ररीमार्फत प्राट या ध्वनिविश्लेषणाच्या सॉफ्टवेअरकडे सोपवतो. तेथे पुरुषांसाठी 5,000 आणि स्त्रियांसाठी 5,500 हर्ट्झ ही वरची मर्यादा द्यावी. लहान मुलांसाठी ती आणखी वर न्यावी लागते, म्हणून शालेय पठणस्पर्धांची मुद्रणे सध्या मी निराळी ठेवली आहेत.