शेवटचाच सीझन, की पहिल्यापासून?

डिचोलीत पाऊस लागला की वीज कधी जाईल याचा नेम नाही. त्यात 'डार्क' ही कालप्रवासाची जर्मन मालिका पुन्हा बघायची ठरली आणि घरात दोन तट पडले. धाकट्याचं म्हणणं, तिसरा सीझन तेवढा बघू: आठच भाग, दोन रात्रींत आटोपतात. माझा हट्ट पहिल्यापासून, म्हणजे सगळे 26.

त्याची बाजू अगदीच लंगडी नाही. 2020 च्या जूनमध्ये हा सीझन आला तेव्हा मी कागदावर वंशावळ काढत बसलो होतो. आता मालिकेतल्या मार्थाच्या कपाळावरचे केस बघूनच कळतं, दोन समांतर जगांपैकी आपण कुठल्या जगात आहोत ते.

पण विंडेन या मालिकेतल्या गावच्या गुहेतला तो 33 वर्षांचा फेरा, 2019, 1986, 1953, अंगात मुरल्याशिवाय शेवटच्या भागातला निरोप पोटात कालवत नाही. पहिल्या सीझनमध्ये सहज निसटलेलं वाक्य दुसऱ्या खेपेला अंगावर काटा आणतं. ते आठ भागांत कुठून मिळणार? दुसरा सीझन मध्येच रेंगाळतो, तेवढं मान्य.

आई म्हणाली, "आधी चवथीच्या माटोळीचं बघा." माटोळी म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात ती चौकट. मी सुट्टीची वाट बघतोय, धाकट्याने मात्र काल रात्री एकट्यानेच तिसरा सुरू केला.