रत्नागिरीजवळची निवासी पोलीस भरती अकॅडमी : शिकवणं पक्कं, दुखापतीला वाली नाही

गोळाफेक शिकायची तर इथे. मुलांचा गोळा 7.260 किलोचा, मुलींचा 4 किलोचा, आणि सरावालाही तोच वापरतात, हलका नाही. गोळा तळहातात घ्यायचा नाही. बोटांच्या मुळाशी बसवून मानेला टेकवायचा, कोपर वर. कोपर खाली पडला की गोळा चेंडूसारखा फेकला जातो, अंतर घटतं आणि शिवाय कोपर दुखावतो. सर प्रत्येकाचा कोपर हाताने उचलून दाखवतात. 8.50 मीटरला मुलांना पूर्ण 15 गुण आहेत, त्यामुळे ही मेहनत वाया जात नाही.

धावणंही हिशेबाने घेतात. 1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांत म्हणजे 200 मीटरच्या या मैदानावर आठ फेऱ्या, प्रत्येक 38.75 सेकंदांच्या आत. पहिलीच फेरी 33 सेकंदांत काढणारा सहाव्या फेरीला बसतो. म्हणून दर फेरीला वेळ ओरडून सांगतात.

पण मैदान जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, वर पातळ मुरूम. महिनाभरात निम्म्या पोरांच्या नडग्या दुखतात आणि उत्तर एकच, "सवय होईल." हे चूक आहे. नडगीच्या आतल्या कडेला लांबवर दुखत असेल तर धावणं कमी करून भागतं. बोट दाबल्यावर एकाच जागी कळ येत असेल तर हाडाला चीर असू शकते, तिथे धावणं बंद आणि हाडांचे डॉक्टर. भाट्याची पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, जवळ आहे. ओहोटीला ओली वाळू घट्ट आणि पायाला मऊ असते. फक्त ती उतरती, म्हणून जाताना-येताना दोन्ही दिशांनी सारखं धावायचं. ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, तसं वेळापत्रक हलवायला हवं. अकॅडमी पहाटे पाचच्या पुढे हलत नाही.

लेखीचे वर्ग ठीक. 90 मिनिटांत 100 प्रश्नांची चाचणी दर रविवारी होते, पण चुकलेलं गणित सोडवून दाखवायला कोणी थांबत नाही. जेवण चांगलं, पहाटे उकड्या तांदळाची पेज मिळते, ती पोटाला जड होत नाही.

पावसाळी बॅच घेणार असाल तर बुटांचे दोन जोड आणा. वाळवायला जागा नाही, आणि ओल्या बुटात टाच सोलली की आठवडा जातो.