गावरान म्हणजे गावरानच!

पाटीवर 'गावरान कोंबडा' अन् ताटात ब्रॉयलर, हे आपल्याकडे नवं नाही राजेहो. वरोऱ्याहून चिमूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका काकूंची टिनाच्या शेडातली खानावळ आहे, तिथं मात्र तसं होत नाही. मी शाळेत विज्ञान शिकवतो, मला पुरावा लागतो. तो कोंबड्याच्या छातीच्या वरच्या टोकाला सापडतो: दोन हासळ्या मधोमध जुळून झालेलं चिमट्यासारखं हाड. ब्रॉयलर जेमतेम सहा आठवड्यांत कापतात, त्याचं हे हाड कोवळं, सहज वाकणारं. इथलं टणक. दुकानात सत्तूर बरोबर त्याच्यावरच पडतो. काकू घरी कापतात, आधी सांगितलं तर अख्खं ठेवतात.

पाखरू पंख खाली मारतं तेव्हा या चिमट्याची टोकं फाकतात, पंख वर घेताना परत जवळ येतात. 1988 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी स्टार्लिंग, म्हणजे आपली ज्वारी खाणाऱ्या भोरडीच्या कुळातलं पाखरू, वाऱ्याच्या बोगद्यात उडवून क्ष-किरणांच्या फिल्मवर हे टिपलं.

पण उडण्याच्या कितीतरी आधीपासून हे हाड होतं. डेन्मार्कच्या हाइलमान या अभ्यासकाने 1926 मध्ये लिहिलं, डायनासोरांना हासळ्याच नाहीत, मग पक्षी त्यांचे वंशज कसे? अन् मंगोलियातल्या ओव्हिरॅप्टर या डायनासोरच्या 1924 च्या वर्णनात हेच हाड होतं, फक्त भलतंच समजलं गेलं! पुढे व्हेलोसिरॅप्टरमध्ये सापडलं, टी. रेक्समध्येही. आपल्या तालुक्यातल्या पिसदुऱ्याला निघालेली मोठाली हाडं मात्र लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरांची. त्यांच्यात हा चिमटा नाही, तो दोन पायांवर चालणाऱ्या थेरोपॉड डायनासोरांचा, म्हणजे ओव्हिरॅप्टर, टी. रेक्स यांच्या गटाचा.

हे सगळं मी पोट्ट्यांना ताटावरच सांगत होतो, तर काकू म्हणाल्या, "सर, रस्सा निवून राह्यला ना जी!"

रस्सा काळ्या मसाल्याचा, खसखस अन् भाजलेल्या खोबऱ्याचा. तर्री बेताची, जीभ पोळत नाही. सोबत ज्वारीची भाकर, मागाल तेवढा भात. मीठ कधीकधी जास्त पडतं, हात ड्रमातल्या पाण्यानं धुवायचे, अन् कोंबडा शिजायला तासभर लागतोच, म्हणून निघतानाच फोन करा. श्रावणात फक्त झुणका-भाकर मिळते.